हातचा एक

पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडते आहे,
वीजबिलाचं पाकीट, बिल अजून भरायचंय.
तेल पाच क्वार्ट: साडेचोवीस डॉलर.
फिल्टर: सात ऐंशी.
पन्नास आणि ऐंशी एकशे तीस,
तीस मांडले, हातचा एक.
बत्तीस डॉलर तीस सेंट.

हमरस्त्यावरच्या गॅरेजात चौऱ्याहत्तर.
पंधरा मिनिटं, पाणचट कॉफी,
आणि एक पोरगा, माझ्याच बसनं शाळेत गेलेला,
एअर फिल्टर मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरून:
"हाही बदलावा लागेल, मॅडम."
मागच्या सीटखाली च्युइंगम चिकटवायचा हा.

तिसरा मार्ग एइनो.
दोन घरं सोडून राहतो. एक्क्याऐंशी वय.
पैसे घेत नाही,
पण गाडीखालून दोन तास बोलत राहतो:
लोखंडाच्या खाणीतला पंप, सरोवरात बुडालेली भावाची होडी,
आयली करायची तो वेलदोड्याचा पाव.
बाहेर फक्त बूट दिसतात.
बुटांना हूं हूं म्हणत बसायचं.
मला बसचे तासाला अठरा मिळतात. दोन तासांचे छत्तीस.
म्हणजे फुकटातला एइनो
अडुसष्ट तीसला पडतो,
गॅरेजहून जेमतेम पाच सत्तर स्वस्त.

ऑक्टोबरात त्यानं तेल बदललं त्याच दुपारी
नेगॉनीच्या चढावर लाल दिवा लागला.
गाडी तिथल्या तिथे बंद केली, म्हणून इंजिन वाचलं.
मागे वळून पाहिलं तर रस्त्याभर काळी रेघ,
थेट माझ्या दारातून निघालेली.
टोवाली बाई वाकली, बोट घालून म्हणाली,
जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलीय,
नवी तिच्यावरच बसवलीय कोणीतरी.
शाळेत माझं असंच व्हायचं.
हातचा धरायचा राहायचा,
बेरीज दिसायला अगदी बरोबर.
"कोणी केलं हे?"
"मीच," मी म्हणाले.
एकशे चाळीस डॉलर. तेल पुन्हा वेगळं.

एइनोला सांगितलं नाही.
त्या सकाळी त्याच्या कपातली कॉफी
आपोआप बशीत येत होती,
ते मी पाहिलं होतं.
पाहूनही पाना त्याच्या हातात दिला होता.

आज एप्रिल. काळवंडलेलं बर्फ गटाराकडे निघालंय.
म्हटलं, एइनो, या वेळी मी खाली जाते, तू शिकव.
तो काही बोलला नाही.
घरातून स्टूल आणलं, बसला, टॉर्च धरला.
उजेड इंजिनाच्या पोटावर
एका जागी ठरेना.

खाली गेल्यावर कळलं
माणूस का बोलत राहतो.
नाकापासून चार बोटांवर लोखंड,
आणि बाहेर कोणी आहे की उठून गेलं, पत्ता नाही.
मग मीही बोलत सुटले: बसचा नवा मार्ग,
रडणारी पहिलीतली जुळी, हेडबाईंचा कुत्रा.
वरून हूं, हूं.
कोमट तेल मनगटावरून कोपरात उतरलं,
बाहीत शिरलं.

फिल्टर निघाला.
"इकडे दे. जुना."
त्यानं तो उलटा करून उजेडात धरला असावा,
कारण माझ्याकडे अंधार झाला.
अंगठा कडेवरून फिरल्याचा आवाज आला,
सावकाश, पूर्ण गोल.
"आहे," तो म्हणाला.

मग बराच वेळ काहीच नाही.
मला त्याचे बूट दिसत होते,
एकाची नाडी सुटलेली.

"ती रेघ माझ्या खिडकीसमोरूनच गेली होती, मार्लिस.
किती पडले?"

खिशात पाकीट होतं, आकडे सगळे त्यावर.
"आठवत नाही," मी म्हणाले,
नव्या रिंगेला बोटानं तेल लावलं
आणि फिल्टर हातानंच आवळला,
तो सांगत होता तसा:
रबर टेकलं की पुढे पाऊण फेरा.
जास्त नाही.